हाक एकदा मारली, काटा दोनदा हलला

इथं भुताखेताचे अनुभव लिहिणारे बहुतेक जण सुरुवातीलाच शपथ घेतात की आपला असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मीही घेतो. अमरावतीला राजापेठेत मी अकरावी-बारावीचे फिजिक्सचे क्लासेस घ्यायचो. वडील वकील. आमच्या घरात पुराव्याशिवाय कोणी चहा गोड झालाय हेसुद्धा मान्य करत नसे. कोणी भुताचं सांगायला लागलं की मी त्याला आधी व्होल्टेज विचारायचो आणि सगळे हसायचे. हा माझा स्वभाव मला स्वतःला फार आवडायचा. तेव्हा विश्वास नव्हता हे अगदी खरं आहे... फक्त नेमका कशावर नव्हता, त्यात माझी चूक झाली.

ते कापसाने मान टाकलेले दिवस होते. खेड्यांवरून क्लासला येणारी मुलं निम्म्यावर आली होती. अकोल्याकडची कापसाच्या गाठी बांधणारी जिनिंग-प्रेसिंग एकेक करून बंद पडत होती आणि त्यांची यंत्रं भंगारात जात होती. लोडशेडिंग तर असं की आमच्या फळ्यावर एका कोपऱ्यात कायम लाइट कधी येणार-जाणार त्याचं टाइमटेबल लिहिलेलं असायचं.

रविवारी मी एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचो. बास गिटार वाजवणाऱ्याचं दुःख वाजवणाऱ्यालाच कळतं. त्याचा आवाज लोकांना ऐकू येत नाही, तो छातीत लागावा लागतो, आणि त्यासाठी मोठा स्पीकरचा खोका लागतो. आमच्याकडे होता कीबोर्डवाल्याचा जुना डबा. जाड तार छेडली की तो नुसता 'भस्स' करायचा. गायिका वैशालीताई म्हणायची, "सर, तुमी वाजवता का नुसते उभे राहता?" शेवटी ठरवलं, खोका आपणच बांधायचा. गणितं मला येत होती, सुतारकाम येत नव्हतं.

म्हणून मी अकोल्याला नासिरभाईंकडे गेलो. जुन्या शहरात एका बोळात त्यांचं सुतारकामाचं दुकान. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटकुळे, कानात अत्तराचा फाया आणि तोंडात खिळे. काम करताना ते बोलायचेच नाहीत, कारण बोलायला तोंड मोकळं नसायचं. पाच-सहा खिळे ओठांत धरून एकेक काढत ठोकायचे. मी काही विचारलं तर नुसतं "हं". फारच महत्त्वाचं असेल तर सगळे खिळे तळहातावर काढून ठेवायचे, बोलायचे आणि परत तोंडात घालायचे. सात-आठ रविवार मी एसटीने अकोल्याला जात राहिलो, आणि हा अबोल माणूस मला आवडायला लागला.

त्यांची एक सवय मात्र मला विनोदी वाटायची. रंध्याचं मशीन असो की ड्रिल, बटण दाबण्याआधी ते हाताशी असलेल्या माणसाचा हात स्वतःच्या हातात घ्यायचे, क्षणभर धरायचे आणि मगच चालू करायचे. मी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला असलो तरी तिथून चालत येऊन हात द्यावा लागायचा. "अहो, मी इथं लांब उभा आहे, दिसतोय ना? करा चालू," म्हटलं तरी ऐकायचे नाहीत.

"हात द्या," एवढंच.

"आपलं लग्न लावून राहिले का काय कोनी?" मी म्हणायचो. ते खिळ्यांमधून थोडंसं हसायचे आणि हात पुढे करून थांबायचे.

खोक्यासाठी मी प्लाय सांगितला होता. जाणकारांना ठाऊक आहे, स्पीकरला प्लायच वापरतात. भरीव लाकूड वाकतं, फुगतं. पण दुसऱ्या रविवारी गेलो तर नासिरभाईंनी सागवानाचे जुने फळे काढून ठेवलेले. दीड इंच जाडीचे, एका बाजूने काळपट आणि खरबरीत. दुसऱ्या बाजूने मात्र हात फिरवला तर काचेवरून फिरवल्यासारखा. इतकी गुळगुळीत बाजू पॉलिशने होत नाही.

मी हुज्जत घातली. त्यांनी खिळे हातावर काढले.

"चाळीस वर्सं उभे होते हे फळे, मास्तर. उन्हात, दमटात. वाकाचे असते तं वाकले असते."

"कुठले आहेत?"

"जिनिंग-प्रेसमधले. भंगारात निघाले तवा मी उचलले." आणि खिळे परत तोंडात.

मला वाटलं, म्हाताऱ्याला चांगलं लाकूड वाया घालवायचं नसेल. गुळगुळीत बाजू आत ठेवायचा हट्टही त्यांचाच. खोका झाला मात्र देखणा. उंची माझ्या कमरेएवढी, पंधरा इंची स्पीकर आणि त्याच्याखाली एक गोल भोक. त्या भोकात आतल्या बाजूने पाइप बसतो. तो मी शेतीच्या दुकानातून आणलेला, विहिरीवरच्या मोटारीला लावतात तो चार इंची पीव्हीसीचा तुकडा होता.

इथं थोडं फिजिक्स सांगावं लागेल, कंटाळू नका. या पाइपाच्या लांबीवर खोक्याचा सूर ठरतो. तो सूर वाजला की एक गंमत होते – स्पीकरचा पडदा जवळजवळ स्थिर होतो आणि हवा पाइपातून जोरात आत-बाहेर करायला लागते. म्हणजे ज्याने वाजायचं तो गप्प, आणि भोक बोलतं. पाइप बोट-बोट कापत हा सूर आपल्याला हवा तिथं आणायचा, याला ट्यूनिंग म्हणतात.

ट्यूनिंगसाठी खोका टेम्पोत घालून राजापेठेत माझ्या क्लासच्या हॉलमध्ये आणला. नासिरभाई पाइप कापायला सोबत आले. दुपारी दोन ते पाच लाइट असायची, त्या वेळात काम करायचं. कॉलेजच्या लॅबमधून सूर काढणारा ऑसिलेटर आणि एक काट्याचा मिलिव्होल्टमीटर मागून आणला होता. मी आकडे वहीत टिपायचो, ग्राफ काढायचो. नासिरभाईंनी त्यांची स्वतःची पद्धत काढली. कानातल्या फायाची चिमूटभर रुई दोऱ्याला बांधून त्यांनी ती भोकासमोर टांगली. सूर बरोबर लागला की रुई फडफडायची. तीन बोटं पाइप कापला तेव्हा माझा ग्राफ आणि त्यांची रुई एकाच आकड्यावर आले. मला फारच आनंद झाला. हॉलभर अत्तराचा वास येत होता.

ते खाली चहा सांगायला गेले. मी ऑसिलेटर बंद केला, ॲम्प्लिफायर काढून टाकला. मीटरच्या वायरी तेवढ्या स्पीकरला लागलेल्या राहिल्या. स्पीकर उलटाही चालतो, त्याच्यासमोर बोललं तर तो माइकसारखा थोडीशी वीज तयार करतो, हे दहावीच्या मुलालाही माहीत असतं. त्यामुळे मी जिन्याकडे तोंड करून "नासिरभाई, बिनसाखरेचा" म्हणून ओरडलो तेव्हा काटा हलला, यात नवल नव्हतं.

पण थोडं थांबून तो परत हलला. कोणी बोललेलं नव्हतं.

मी पुन्हा हाक मारली. काटा हलला, शून्यावर आला, थांबला, आणि परत हलला. घड्याळ लावून मोजलं. मधे साधारण दीड सेकंद. प्रतिध्वनी म्हणावा तर समोरची भिंत अडीचशे मीटर लांब हवी, माझा हॉल वीस फुटांचा. टाळी वाजवून पाहिली – काटा एकदाच हलला. बाकावर डस्टर आपटून पाहिलं – एकदाच. माणसाने हाक मारली की मात्र दोनदा. दहा वेळा हाक मारली तर दहाही वेळा.

कानाला काहीही ऐकू येत नव्हतं. भोकासमोरची रुई किंचित बाहेरच्या बाजूला झुकायची, इतकंच. पंखा बंद होता.

वहीत मी काय लिहिलं माहितीये? 'सैल जोड. वायर बदलणे.'

नासिरभाई चहा घेऊन वर आले तेव्हा मी हाका मारत बसलो होतो. त्यांनी आधी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती डाव हलते?"

"दोनदा. वायर ढिली आहे कुठंतरी."

ते बाकावर बसले. चहाचे ग्लास त्यांनी खाली ठेवले नाहीत, दोन्ही हातात तसेच धरून बसले. मग त्यांनी सांगितलं. सलग एवढं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो.

हे फळे प्रेसच्या पेटीच्या दारांचे. जुन्या प्रेसमध्ये कापसाची गठाण बांधायला जमिनीत खोल लाकडी पेटी असायची. चार माणसं आत उतरून रुई पायांनी तुडवायची. पेटी भरली की वर चढून बाहेर यायचं, दारं लावायची आणि मग दाब सोडायचा. दाब सोडण्याआधी वरचा माणूस ओरडायचा, "पेटी!" आणि बाहेर आलेला प्रत्येक जण उत्तर द्यायचा, "बाहेर!" रुईच्या धुरळ्यात माणूस दिसत नसे, म्हणून आवाज मोजायचे. चार आवाज आले की दांडा ओढायचा.

"तो वरचा मानूस मी होतो," नासिरभाई म्हणाले. "वीस-बावीस वर्साचा असन. चार 'बाहेर' मोजले, मास्तर. चौथा शेषरावचा. आम्ही एका बोळातले, लहानपनापासून सोबत. तो 'बाहेर' असा लांबवून म्हने, गान्यावानी. तसाच आला. मी दांडा ओढला."

"मग?"

"बाहेर तिघंच होते."

शेषरावला आत भोवळ आली होती. रुईखाली तो बेशुद्ध पडलेला होता, असं डॉक्टर म्हणाले. बेशुद्ध माणूस उत्तर देणार नाही. म्हणजे नासिरने तीनच आवाज ऐकले आणि घाईत दांडा ओढला, असं सगळ्यांनी ठरवलं. मालकाने, पंचांनी, शेषरावच्या आईने. त्या माउलीने पुन्हा कधी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी प्रेस सोडली, सुतारकाम धरलं, आणि तेव्हापासून माणसाचा हात हातात घेतल्याशिवाय कुठलं यंत्र चालू केलं नाही.

"मी चार ऐकले होते," ते म्हणाले. "आजही कुरानवर हात ठेवून सांगतो. चार."

मी काय बोलायला हवं होतं ते आता कळतं. तेव्हा मी माझ्या नेहमीच्या स्वभावावर गेलो.

"नासिरभाई, कानात रुई कोंबून ऐकता तुमी. चार काय, आठ आयकू येतीन."

ते हसले नाहीत. "हाव," म्हणाले, "सगळे असंच म्हनतात." चहा मला दिला, खिळे तोंडात टाकले आणि पाइपाभोवतीच्या फटी बुजवायला लागले. मी वायर बदलली. काटा दोनदाच हलत राहिला. पाच वाजता लाइट गेली आणि विषय संपला.

यानंतर तीन आठवड्यांनी दर्यापूरला सामूहिक विवाह होता. त्या वर्षांत असे सोहळे फार व्हायचे. स्वतंत्र लग्न करण्याची ऐपत राहिली नव्हती, मग गावातली मंडळी एकत्र येऊन एका मांडवात सगळ्यांची लग्नं लावून द्यायची. एकवीस जोडपी होती. शाळेच्या मैदानावर मांडव, एका टोकाला स्टेज, आणि मांडवाच्या मागच्या अंगाला कनातीपलीकडे जनरेटर, कारण दिवसभर लोडशेडिंग. खोक्याचा हा पहिलाच कार्यक्रम. नासिरभाईंना मी आग्रहाने बोलावलं होतं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले, आणि कानात ताजा फाया.

अकरा वाजता आम्ही आवाज तपासला. काय सांगू तुम्हाला... तार छेडली आणि स्टेजच्या फळ्या पायाखाली थरारल्या. वैशालीताईने मागे वळून पाहिलं आणि हात जोडले. मी नासिरभाईंकडे पाहिलं. ते स्टेजच्या कडेला उभे होते, भोकासमोर टांगलेल्या रुईकडे बघत. ती त्यांनी तिथंही बांधली होती.

मग बारानंतर स्पीकरमधून घरघर सुरू झाली. नासिरभाई म्हणाले स्टेजवरच्या बोर्डात न्यूट्रलची वायर ढिली आहे, मी कसून देतो, तुम्ही मागे जाऊन मेन पाडा. मी कनातीमागे गेलो, जनरेटरजवळचा खटका पाडला. मांडवातले पंखे थांबले. साडेबारा होत आले होते. एकवीस नवरदेव अंतरपाटासमोर उभे, उकाडा, रडणारी लेकरं, भटजी आणि भंतेजी दोघंही ताटकळलेले, आणि आयोजकांपैकी एक जण माझ्या डोक्यावर उभा – "गुरुजी, मुहूर्त निघून चालला, माइक चालू करा न."

तिथून स्टेज दिसत नव्हतं. मधे कनात. नासिरभाईंच्या रीतीप्रमाणे मी चालत स्टेजवर जायला हवं होतं, त्यांचा हात हातात घ्यायला हवा होता, आणि मग परत येऊन खटका वर करायला हवा होता. जायला-यायला दीड-दोन मिनिटं लागली असती.

मी हाक मारली. "नासिरभाई, हात काढला का?"

उत्तर आलं, "काढला. टाका."

नासिरभाईंचाच आवाज. तोच थोडा बसका, तीच अकोल्याची ढब. मला यात आजही तिळमात्र शंका नाही. मी खटका वर केला.

पंखे फिरले आणि त्याच वेळी वैशालीताईची किंकाळी ऐकू आली. मी खटका खाली ओढला तोवर किती सेकंद गेले असतील... चार, पाच. धावत गेलो तेव्हा नासिरभाई स्टुलावरून खाली पडलेले होते. उजवा हात काळा. शुद्ध नव्हती. आणि दातांत आडवा धरलेला पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. खिळे धरायचे तसा. तो इतका घट्ट होता की दोघांनी मिळून जबडा उघडून काढावा लागला.

त्या पेचकसाकडे मी किती वेळ बघत बसलो होतो, ते मला दुसऱ्यांनी सांगितलं. तोंडात ते धरून माणसाला 'हं'च्या पलीकडे काही बोलता येत नाही. वैशालीताई त्यांच्यापासून चार हातांवर बसली होती. ती शपथेवर सांगायला तयार होती की नासिरभाई एक शब्दही बोलले नाहीत. स्टेजवर कोणीच ते उत्तर ऐकलं नव्हतं.

अमरावतीच्या दवाखान्यात त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं काढावी लागली. सुताराचा अंगठा! पोलिसांनी मला दोनदा बोलावलं. मी दोन्ही वेळा सांगितलं की मी विचारलं, आणि उत्तर आलं. हवालदाराने लिहिता लिहिता वर पाहिलं. मी विद्यार्थ्यांकडे तसंच पाहायचो, पाठ न करता आलेल्या. ऑर्केस्ट्रातले लोक समोर काही बोलत नसत. सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "घाई झाली तुमची. होतं माणसाच्या हातून." तिला मला धीरच द्यायचा होता. पण मी तिच्यावर ओरडलो, "मी ऐकलं आहे!" आणि ओरडताना माझं मलाच जाणवलं की हे वाक्य मी आधी कुठंतरी ऐकलंय, आणि त्यावर हसलोय.

सहाव्या दिवशी त्यांना भेटू दिलं. ते खाटेवर बसलेले होते, हाताला मोठं बँडेज, कानात फाया नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी डावा हात वर करून थांबवलं.

"आधी सांगा. काय ऐकलं? जसंच्या तसं."

"'काढला. टाका.'"

"कोनाचा आवाज?"

"तुमचाच."

"कुठून?"

याचा मी विचारच केला नव्हता. डोळे मिटून आठवलं. "स्टेजकडून... खालून. जमिनीलगत."

"मी स्टुलावर होतो, मास्तर. तोंडात पेचकस." ते पुढे झुकले. "अन् मी रुई पाह्यली. करंट नव्हता, पंखे बंद. तुमची हाक संपली अन् मंग रुई बाहेर आली. एक डाव. मंग अजून एक डाव. तुमी सांगितले तेवढेच... दोन शब्द. मी हात मागं घेणार तेवढ्यात..."

आणि ते रडायला लागले. मला आधी वाटलं, दुखतंय. पण ते रडत रडत हसत होते. मला पुन्हा सांगायला लावलं, पुन्हा, चार-पाच वेळा. कोणाचा आवाज, तुमचाच, कोणाचा, तुमचाच. बोटं गेलेला माणूस इतका सुखी दिसू शकतो हे मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्याची भीती वाटली.

शांत झाल्यावर ते म्हणाले, "एक गुन्हा माझा हाय. ते फळे मी जानूनबुजून आनले. मले वाटे, मानसं मानत नाईत, तुमच्या मशीनीत तरी येईन."

मला राग आला. एवढा आला की समोरचा माणूस कुठल्या अवस्थेत आहे हेही विसरलो. "आधी का नाही सांगितलं मग? जीव गेला असता तुमचा!"

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "तुमच्या मशीनीतबी आलं होतं. काटा हलला ना?"

वॉर्डात कोणाचातरी डबा उघडल्याचा आवाज आला.

मग मी म्हटलं, पोलीस केस होईल बहुतेक, आणि व्हायलाच पाहिजे, हात धरायला मी आलो नाही ही माझीच चूक. तर ते म्हणाले, "सकाळी हवालदार आलता. मी जबाब देल्ला. लिहून घेतलं त्यानं – मास्तरनं विचारलं, अन् मीच म्हनलो, काढला, टाका. चुकी माझी."

"पण तुम्ही बोललाच नव्हता!"

"नाई."

"मग काहून सांगितलं असं?"

त्यांनी बँडेजकडे पाहिलं. "शेषराव मेला, मास्तर. माझ्यासाटी 'मीच म्हनलो होतो' असं सांगाले त्याले तोंड नाई राहिलं. मी जिता हाव न."

केस झाली नाही. नासिरभाई डाव्या हाताने काम शिकले. पाट, पोळपाट अशी छोटी कामं. खिळे मात्र कायमचे बंद केले, म्हणायचे तोंड मोकळं ठेवलेलं बरं. मी दर महिन्याला अकोल्याला जायचो. निघताना आम्ही एकमेकांचा हात धरायचो, डावा, आणि कोणी त्यावर विनोद करत नसे. त्या दुपारी मी त्यांच्या कानांवरून जे बोललो त्याची माफी मी खूप उशिरा मागितली. "जाऊ द्या," म्हणाले, "मीबी तसंच म्हनलो असतो." मागच्या वर्षी ते गेले.

म्हणून हे आता लिहितोय. त्या जबाबाच्या कागदावर 'काढला, टाका' हे शब्द नासिरभाईंच्या नावावर आहेत. ते त्यांचे नव्हते. त्यांना खोटं बोलावं लागलं, कारण खरं बोलून त्यांचं आयुष्य एकदा मातीत गेलेलं होतं, आणि त्यांना माझं तसं होऊ द्यायचं नव्हतं. ते असेतो मला गप्प राहायला सांगितलं होतं.

खोका माझ्या अडगळीच्या खोलीत आहे. जाळावा म्हटलं तर नासिरभाईंनी नको म्हटलं होतं – आतलं काय ते धुरातून कुठं जाईल कोण जाणे. भोकात गादीचा कापूस गच्च कोंबला आहे आणि वर फळी ठोकली आहे. त्या खोलीत आम्ही एकमेकांना हाक मारत नाही. घरात मोटार, मिक्सर, गॅस, काहीही चालू करायचं असलं आणि कोणी आतून 'हो' म्हटलं, तरी मी जाऊन बघतो. सुनंदाला आधी याचा वैताग यायचा, आता तीही जाते.

स्पष्टीकरण विचाराल तर माझ्याकडे नाही. लाकडात आवाज राहतो असं मी म्हणणार नाही, कारण शेषरावच्या वेळी त्या लाकडाने शेषरावचा आवाज काढला आणि माझ्या वेळी नासिरभाईंचा. माणूस जिवंत असताना, त्याच्या जागी. हे कोण करतं आणि त्याला काय हवं असतं, यावर मी वीस वर्षं विचार केला आहे. ट्यूनिंगची वही अजून जपून ठेवली आहे. त्यातल्या 'सैल जोड' या शब्दांवर मी काट मारली आहे. त्यांच्यापुढे दुसरं काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही, तेवढी जागा कोरी आहे.